कचोरीला सूट, दिवसाला नाही

मुंबई-हावडा मार्गावरून नागपूरकडे निघालेली गाडी भुसावळ सोडते, मलकापूर, नांदुरा, जळंब मागे टाकते, आणि शेगावचा फलाट दिसायच्या आतच डब्यातली बरीच माणसं दाराशी येऊन उभी राहतात. त्यातली काही गजानन महाराजांच्या दर्शनाला उतरणारी असतात. उरलेल्यांना उतरायचंच नसतं. त्यांचा फक्त हात बाहेर जायचा असतो. नोट घेऊन जाणारा हात परत येतो तो कागदातल्या गरम कचोऱ्या आणि तळलेल्या हिरव्या मिरच्या घेऊन. गाडी थांबते मोजकी मिनिटं, पण तेवढ्यात डब्यातल्या सगळ्या पथ्यांची परीक्षा होऊन जाते. वजन उतरवायला घेतलेला माणूस मान फिरवून खिडकीबाहेर पाहत असतो, आणि समोरच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, "खाय ना बाप्पा, एकानं काय होते?"

या प्रश्नाला उत्तरादाखल हसून कचोरी घेणारे पुष्कळ आणि हात जोडून नाही म्हणणारेही पुष्कळ. उत्तर शोधणारे कमी. एकानं नेमकं काय होतं, हे या प्रकरणात पाहू.

मूळचे पंजाबचे तीर्थराम शर्मा यांनी गेल्या शतकाच्या मध्याला शेगाव स्टेशनावर ही कचोरी विकायला सुरुवात केली आणि पाहता पाहता गावाच्या नावाला ती चिकटली. राजस्थानी कांदा-कचोरीसारखी ती फुगलेली, चिंचेच्या चटणीत बुडवून खायची नसते. आकारानं लहान, मैद्याची पारी, आत डाळीचं कोरडं, आलं-मिरचीचं झणझणीत सारण. सारण कोरडं असल्यामुळे ती प्रवासात टिकते आणि म्हणूनच डझनाच्या हिशेबानं नागपूरला, पुण्याला जाते. हा टिकाऊपणा लक्षात ठेवावा. तो पुढे आपल्याला अडचणीत आणणार आहे.

कचोरीचा हिशेब स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर करता येतो. एका मध्यम कचोरीत ३० ग्रॅम मैदा धरला तर सुमारे १०५ कॅलरी, १५ ग्रॅम डाळीच्या साधारण ५०, आणि मोहन व तळण मिळून पोटात जाणारं तेल १२ ग्रॅम धरलं तर त्याच्या १०८. पिठाच्या किंवा डाळीच्या एका ग्रॅमला साडेतीन-चार कॅलरी मिळतात, तेलाच्या एका ग्रॅमला नऊ. म्हणून वजनानं सगळ्यात कमी असलेलं तेल हिशेबात मैद्याच्याही वर जातं. एकूण झाल्या २६०च्या आसपास. हलवायाचा हात लहान-मोठा असेल तसा आकडा पंचवीस-पन्नासनं खाली-वर. सत्तर किलोच्या माणसाला एवढी ऊर्जा निव्वळ चालून खर्चायची तर सहा-सात किलोमीटर चालावं लागेल. शेगावहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीतले वारकरी महिनाभर रोज त्याहून कितीतरी जास्त चालतात, त्यांनी कचोरीचा विचार करायचं कारण नाही. आपण मात्र स्टेशनपासून मंदिरापर्यंत रिक्षानं जातो.

आता हीच कचोरी आठवड्याच्या हिशेबात ठेवू. समजा एका माणसाला आहे ते वजन टिकवायला रोज २,००० कॅलरी लागतात. वजन कमी करायचं म्हणून तो १,५०० वर येतो. सोमवार ते शनिवार सहा दिवसांत ३,००० कॅलरींची तूट साठली. रविवारी तो शेगावला आला. त्या दिवशी त्यानं आपलं नेहमीचं २,००० कॅलरींचं जेवण घेतलं आणि वर एक कचोरी खाल्ली, तर २६० गेल्या, २,७४० उरल्या. शरीरातल्या एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी धरतात. म्हणजे आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या वाटेवर तो अजून आहे. एकानं काय होतं? जवळजवळ काहीच नाही. समोरच्या बाकावरचे काका बरोबर होते.

पण त्याच माणसानं "आज रविवार, आज काही पाहायचं नाही" असं ठरवलं तर? सकाळी दोन कचोऱ्या, दोन गोड चहा. दुपारी भरलेलं ताट. परतीच्या गाडीत वेळ जात नाही म्हणून आणखी दोन कचोऱ्या. घरी पोचल्यावर बहिणीनं केलेल्या पुरणपोळ्या, त्यावर तूप, आणि झोपताना आइस्क्रीम, कारण उद्यापासून पुन्हा पथ्य. ही बेरीज सहज ३,३५० वर जाते. साठलेल्या ३,००० मधून १,३५० परत गेल्या. सहा दिवस भूक मारून कमावलेलं जवळजवळ निम्मं एका दिवसात खर्च. आणि हा अतिरेक मी सौम्य धरला आहे; लग्नाच्या पंगतीचा दिवस असता तर तूट पुरती बुजली असती.

या दोन रविवारांच्या मध्ये माझं सगळं म्हणणं आहे. वजन उतरवताना मनासारखं खायला सूट असावी की नसावी, हा वाद मला खोटा वाटतो. सूट हवीच. ती एका पदार्थाला द्यावी, दिवसाला देऊ नये. पदार्थाला कड असते. कचोरी संपते, कागद उरतो. दिवसाला अशी कड नसते. तो सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री फ्रिजचा दरवाजा बंद होईपर्यंत पसरलेला असतो.

सूट हवीच असं का म्हणतो, तर सक्त बंदीचा इतिहास चांगला नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना कसं सावरायचं हे त्यांना शोधायचं होतं. तरुणांना दिवसाला दीड हजारांच्या आसपास कॅलरी मिळत आणि आठवड्याला मैलोन् मैल चालावं लागे. त्यांचं वजन सुमारे चौथा हिस्सा उतरलं. त्याहून बोलकं होतं ते त्यांच्या डोक्यात चाललेलं. ज्यांनी आयुष्यात कधी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नव्हतं ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, रात्री स्वप्नातही जेवणं येऊ लागली. बंधन उठल्यावर काहीजण पोट दुखेस्तोवर खात आणि तरीही भूक भागली नाही असं सांगत. आपल्यापैकी कुणी इतकं उपाशी राहत नाही हे खरं. पण ज्यांनी महिनाभर कडक डाएट केलं आहे त्यांनी यूट्यूबवर रात्री काय पाहिलं ते आठवावं.

दुसरा प्रयोग १९७५ चा, पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, आणि मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवून सांगितलं की चव घेऊन सांगा, हवं तेवढं खा. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, साधी गोष्ट. ज्या पथ्यावर होत्या त्यांनी उलट केलं. मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे तर आता कशाला राखायचं, हा तो विचार. शेगावच्या फलाटावर पहिल्या कचोरीनंतर दुसरी आणि तिसरी कुठून येते, याचं उत्तर इथे आहे. पहिली कचोरी मुळात पथ्यात बसवलेली असती तर मोडण्यासारखं काही उरलंच नसतं.

जिममधली मंडळी आणखी एक कारण सांगतात. कमी खाल्लं की शरीर सावध होतं, खर्च आवरतं, म्हणून मधूनच एखादा दिवस भरपूर खाऊन त्याला जागं करावं. यात तथ्याचा अंश आहे, पण फार फुगवलेला. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं संप्रेरक स्रवतं. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं १९९४ मध्ये त्याचं जनुक शोधलं. खाणं घटलं की लेप्टिन झपाट्यानं उतरतं आणि भूक वाढते. २००० साली स्वित्झर्लंडमध्ये दहा स्त्रियांना तीन दिवस गरजेपेक्षा ४० टक्के जास्त पिष्टमय अन्न दिलं, तेव्हा त्यांचं लेप्टिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि दिवसभराचा ऊर्जाखर्च ७ टक्क्यांनी. हा सात टक्क्यांचा आकडा मिरवला जातो आणि चाळीस टक्क्यांचा विसरला जातो. शंभर रुपये उधळून सतरा-अठरा परत मिळाले, तर त्याला कमाई म्हणत नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या मॅटाडोर या प्रयोगाचंही नाव घेतलं जातं. त्यात लठ्ठ पुरुषांच्या एका गटानं सलग १६ आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्यानं दोन आठवडे कमी, दोन आठवडे वजन टिकेल इतपत, असं करत कमी खाण्याचे तेवढेच १६ आठवडे भरले. दुसऱ्या गटाचं वजन जास्त उतरलं. पण मधल्या विश्रांतीत ते चापून खात नव्हते, मोजून पुरेसं खात होते. पुढच्या काही प्रयोगांत तर हा फायदाही दिसला नाही. मॅटाडोरच्या नावावर रविवारची बिर्याणी खपवू नये.

उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालते, वजन उतरवून ते टिकवलेल्या लोकांची. त्यातल्या माणसांकडे पाहिल्यावर असं दिसलं की जी आठवड्याचे सातही दिवस साधारण सारखं खातात, त्यांचं वजन पुढच्या वर्षात जागेवर राहण्याची शक्यता शनिवार-रविवारी सैल सोडणाऱ्यांपेक्षा दीडपट होती. माझ्या मते हे पदार्थाला दिलेल्या सुटीच्या विरुद्ध नाही, सैल सोडलेल्या दिवसाच्या विरुद्ध आहे. शिवाय सणासुदीत वाढलेलं वजन फार नसतंच. २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत सरासरी वाढ अर्धा किलोसुद्धा नव्हती. घात असा की ती नंतर उतरलीही नाही. दिवाळीचं अर्धा किलो दरवर्षी थोडं थोडं मागे उरतं आणि चाळिशीत पँट शिवायला टाकताना त्याची बेरीज कळते.

आपल्याकडे या चर्चेत दोन नावं हटकून येतात. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मांडलेली पद्धत महाराष्ट्रात घराघरांत पोचली: कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, आणि ४५ मिनिटं चालायचं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर तूप, भात, घरचं आणि गावचं खा म्हणून सांगतात. दोघांची भांडणं लावणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की दोघांच्या पद्धतीत कचोरी कुठे बसते. दीक्षितांच्या ५५ मिनिटांत ती जेवणासोबत बसते. फलाटावर चार वाजता बसत नाही. या पद्धतीला लोक इतके का चिकटून राहिले, याचं एक कारण मला असं वाटतं की तिच्यात पदार्थाला नव्हे तर वेळेला कुंपण आहे. मधल्या वेळचं येताजाता खाणं त्यात आपोआप गळतं. वारंवार खाल्लं की इन्सुलिन वारंवार स्रवतं आणि वजन वाढतं, हे या पद्धतीमागचं स्पष्टीकरण किती खरं, यावर संशोधकांचं एकमत नाही. चीनमध्ये १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या. तिथे आठ तासांतच खाणाऱ्यांना वेगळा असा फायदा सिद्ध झाला नाही. म्हणजे वेळेचं कुंपण कामाचं आहे, पण खाणं कमी होतं म्हणून.

कुंपण घालायची कला वऱ्हाडाला नवी नाही. पोळ्याला पुरणपोळी, अक्षय तृतीयेला आमरस, दिवाळीला फराळ, आणि शेतात नाहीतर देवळापुढे वरण-रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पंगत, रोडगा तुपात कुस्करून. या दिवशी कुणी हात आखडत नसे. पण त्या दिवसांच्या मध्ये आठवडेच्या आठवडे ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा, आंबाडी असं चाले आणि शेतातलं काम चाले. म्हणून त्या काळी दिवसाला सूट परवडत होती. आज मधले आठवडेच गेले. वाढदिवस, कार्यालयातला निरोप समारंभ, ऑनलाइन मागवलेला पिझ्झा, आणि पंगतीच्या वेळचं गोड रोजच्या चहाबरोबर बिस्किटात. जुन्या पद्धतीतली मेजवानी आपण ठेवली आणि तिचा आधार काढून घेतला.

उपासाचंही तेच. एकादशी अन् दुप्पट खाशी, असं आपल्या आज्याच म्हणत. गुरुवारी महाराजांचा उपास धरून साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांनी एकदा मोजावं: ५० ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, बटाटा. भरलेली ताटली ४०० कॅलरींच्या घरात जाते. उपासाला चालणारी ही ताटली फलाटावरच्या कचोरीपेक्षा दीडपट जड, आणि तिला खाताना अपराधी कुणालाच वाटत नाही. खुद्द महाराज २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात प्रथम दिसले ते बाहेर टाकलेल्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, आणि भक्त आजही त्यांना आवडीचा म्हणून नैवेद्य दाखवतात तो झुणका-भाकर, कांदा आणि मिरचीचा. डाळीचं पीठ आणि ज्वारी: प्रथिनंही आणि कोंडाही, पोट तासन् तास भरलेलं. एकाच गावाची ही दोन खाणी आहेत. सकाळी झुणका-भाकर खाऊन फलाटावर आलेला माणूस एका कचोरीवर थांबू शकतो. रिकाम्या पोटी आलेला थांबत नाही, आणि त्यात त्याच्या चारित्र्याचा काही संबंध नसतो.

"मी तर बारीक आहे, मला सगळंच चालतं" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची एक गोष्ट. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला, पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, ही आपली सर्वसाधारण ठेवण. म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर धरतात आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० झाली की सावध व्हायला सांगतात. काटा काय म्हणतो याहून नाडी कुठे बांधावी लागते ते पाहिलेलं बरं.

काही जणांना मात्र ठरवून दिलेली सूटही नको. ज्यांना एकदा सुरू केलं की थांबताच येत नाही, खाऊन झाल्यावर शरमेनं लपावंसं वाटतं, त्यांना आहारतज्ज्ञाची आणि मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे, नियमांची नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण टाळून त्याच्या बदल्यात कचोरी असला व्यवहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. बाकीच्यांनी एकच पाहावं, की कढईतलं तेल काळं पडून धुरत तर नाही ना. तळणाचं तेल किती बिघडेपर्यंत वापरावं याला सरकारनं २०१८ पासून मर्यादा घातली आहे, पण ती मोजायचं यंत्र आपल्या खिशात नसतं. नाक असतं.

खरी अडचण पार्सलची. फलाटावर खाल्लेली एक कचोरी तिथेच संपते. डझनाचा पुडा घरी येतो, आणि ती टिकते म्हणून दोन दिवस ओट्यावर राहतो. पहिली सगळ्यांबरोबर, दुसरी भाच्यानं घेतली म्हणून, तिसरी रात्री अकराला उभ्या उभ्या, चवही न कळता. सुटीला घातलेलं सगळं कुंपण इथे मोडतं. घरात माणसं जेवढी तेवढ्याच कचोऱ्या आणाव्यात, त्याच संध्याकाळी गरम करून, ताटलीत घेऊन, बसून खाव्यात. उरलेल्या शेजारी द्याव्यात. शेगावची कचोरी नाकारणारा शेजारी मी अजून पाहिलेला नाही.

आणि सोमवारी सकाळी वजनकाट्यावर उभं राहू नये. तो एक किलो जास्त दाखवेल आणि त्यात चरबी अगदी थोडी असेल. पिष्टमय अन्नातून शरीर जो साठा करतं त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कचोरीतलं आणि मिरचीवरचं मीठ आणखी पाणी धरतं. त्या आकड्याला घाबरून सोमवारी उपाशी राहिलात, तर संध्याकाळी मिनेसोटाच्या त्या तरुणांसारखी गत होते. सोमवारी नेहमीचं खावं, नेहमीसारखं चालावं आणि वजन गुरुवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर करावं.